दिलेला विषय आणि राहून गेलेला चौथा प्रहर

१

दर आठवड्याला एक विषय द्यायचा आणि सात दिवसांत त्यावर शंभर-दीडशे शब्दांचे काही लिहून आणायचे, हा उपक्रम अलीकडच्या काळात महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला आहे. विषय म्हणजे कधी एखादा शब्द, कधी अर्धी ओळ, कधी एखादे चित्र. महाविद्यालयांची वाङ्मयमंडळे हा उपक्रम चालवतात, वाचनालये चालवतात, निवृत्त शिक्षकांनी हौसेने उभी केलेली साहित्यमंडळे चालवतात. शतशब्दकथा, अलक म्हणजे अतिलघुकथा, चारोळी ही त्यातून रुळलेली प्रकारनामे. या लेखनाविषयी जाणत्या समीक्षकवर्गाचे मत एका वाक्यात मावणारे आहे: हे लेखनच नव्हे. त्यामागचा युक्तिवाद असा की, साहित्य अंतःप्रेरणेतून निर्माण होते, दिलेला विषय बाहेरून येतो, म्हणून दिलेल्या विषयावरचे लेखन हे साहित्य असू शकत नाही. हा युक्तिवाद चर्चासत्रांच्या मध्यंतरात जितका ऐकू येतो तितका छापील लेखांत आढळत नाही. कारण खंडन करण्याइतके महत्त्वही या लेखनाला द्यायचे नसते.

या उपेक्षेची किंमत उपेक्षा करणाऱ्याला मोजावी लागत नाही. पुण्या-मुंबईतील लेखकाभोवती संपादक, प्रकाशक, लिहिणारे मित्र आणि बरी ग्रंथालये यांचे एक वर्तुळ असते. त्याला लिहिते ठेवण्यासाठी आठवड्याच्या विषयाची गरज नसते. मूर्तिजापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून एस.टी.ने महाविद्यालयात येणाऱ्या मुलीची स्थिती वेगळी आहे. तिच्या घरात वर्तमानपत्र येईलच असे नाही, तिचे लेखन कोणी मागितलेले नाही, आणि सोयाबीन-कपाशीच्या हंगामात तिला ‘अंतःप्रेरणेची’ वाट पाहण्याइतकी सवडही नाही. तिच्यापाशी येणारी लेखनाची पहिली आणि बहुधा एकमेव मागणी म्हणजे वाङ्मयमंडळाच्या फळ्यावरचा तो विषय. ते दारच बनावट आहे असे समीक्षक म्हणतात, तेव्हा साहित्याचे शुद्धीकरण होत नाही. कोणी लिहावे आणि कोणी लिहू नये याची वाटणी मात्र होते. म्हणून या युक्तिवादाची तपासणी आवश्यक आहे.

२

युक्तिवादाच्या मुळाशी असलेली संज्ञा ‘आत्मनिष्ठा’ ही आहे. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) या पुस्तिकेपासून ती मराठी समीक्षेत स्थिरावली, आणि पुढे तिचा वापर इतका सैल होत गेला की लेखक स्वतःहून लिहितो तेव्हा तो आत्मनिष्ठ आणि कोणी सांगितल्यावर लिहितो तेव्हा आत्मवंचक, असे सोपे समीकरण तयार झाले. वस्तुतः आत्मनिष्ठा हा लेखक आणि त्याची अनुभूती यांच्यातील संबंधाचा गुण आहे. विषय कोठून आला याच्याशी तिचा संबंध नाही. स्वतःहून सुचलेल्या विषयावरही माणूस खोटे लिहितो. मराठीतील स्वयंस्फूर्त प्रेमकवितांचे ढीग याची साक्ष देतील. उलट, दुसऱ्याने दिलेल्या शब्दाने लेखकाच्या आत दडपून राहिलेले काही हलू शकते. उगम बाहेरचा आणि प्रतिसाद आतला, यात कोणतीही विसंगती नाही. आक्षेपक उगमाचा निकष प्रतिसादाला लावतात, आणि मग तो लागला नाही म्हणून प्रतिसादच बाद करतात.

ही अंतःप्रेरणेची कल्पना आपल्याकडे इंग्रजी स्वच्छंदतावादाबरोबर आली आणि विद्यापीठीय शिक्षणाने तिला सनातन सत्याचे रूप दिले. भारतीय काव्यशास्त्राची भूमिका निराळी होती. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही काव्याची तीन सुटी कारणे मानलेली नाहीत, तिन्ही मिळून एकच कारण होते, असे तो सांगतो. त्यातला अभ्यासही काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणुकीने करायचा अभ्यास आहे. प्रतिभा असली की अभ्यास नको आणि अभ्यास केला की प्रतिभा नाही, ही फाळणी त्या परंपरेला ठाऊक नाही.

विदर्भातील वाचकाला येथे राजशेखराची आठवण विशेष प्रयोजनाने करून देता येते. ‘काव्यमीमांसे’च्या तिसऱ्या अध्यायात काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांची कथा आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषामागे ती देशोदेशी फिरते आणि अखेरीस त्यांचा विवाह होतो तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात, म्हणजे आजच्या वाशीममध्ये. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे जाणाऱ्या माणसासाठी हे गाव काही तासांच्या अंतरावर आहे. ज्या ग्रंथाने काव्य आणि साहित्यविद्या यांचे लग्न वऱ्हाडच्या अंगणात लावले, त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात कवीची दिनचर्या दिली आहे. दिवसाचे चार प्रहर. पहिल्यात विद्यांचे अनुशीलन, दुसऱ्यात काव्यरचना, भोजनोत्तर तिसऱ्यात काव्यगोष्ठी. आणि या गोष्ठीत प्रश्नोत्तरे व काव्यसमस्या यांना स्पष्ट स्थान आहे. म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या तुकड्यावर रचना करणे हा कवीच्या रोजच्या व्यायामाचा भाग होता. चौथ्या प्रहराविषयी राजशेखर जे सांगतो ते या चर्चेत सर्वांत महत्त्वाचे असून त्याचा विचार शेवटी करायचा आहे.

समस्यापूर्तीचे पुढे चमत्कृतीत रूपांतर झाले हे खरे. ‘भोजप्रबंधा’त जिन्यावरून गडगडणाऱ्या घड्याच्या आवाजाचीही समस्या होते आणि कालिदास तिची पूर्ती करून दाखवतो. भोज आणि कालिदास समकालीन नव्हते, हा इतिहास बल्लाळाने खुशाल बाजूला ठेवला आहे. दरबारी करमणूक म्हणून हा प्रकार हिणवता येईल. परंतु एखाद्या पद्धतीचा दरबारात झालेला ऱ्हास हा त्या पद्धतीविरुद्धचा पुरावा होत नाही. तसा तो होत असेल, तर दरबारात खुजी झालेली महाकाव्येही त्याच न्यायाने निकालात काढावी लागतील.

३

संस्कृत परंपरा बाजूला ठेवली तरी मराठी वाङ्मयाचा आरंभच आक्षेपकांना अडचणीत टाकणारा आहे. महदंबेचे ‘धवळे’ हे मराठी कवयित्रीचे उपलब्ध असलेले पहिले काव्य. ते कसे निर्माण झाले? तेराव्या शतकात ऋद्धिपुरात गोविंदप्रभूंनी आपले लग्न करण्याचा लीळाविनोद मांडला आणि त्या प्रसंगी वराला उद्देशून गीते गायची म्हणून महदंबेने धवळे रचले. प्रसंग दिलेला, प्रकार दिलेला, वेळ दिलेली. तिने त्या मागणीला उत्तर काय दिले, हे पाहण्यासारखे आहे. समोरच्या लग्नाचे निमित्त घेऊन ती रुक्मिणीच्या विवाहाकडे गेली. रुक्मिणी कौंडिण्यपूरची, म्हणजे त्याच अमरावती जिल्ह्यातल्या वर्धाकाठची. विषय दुसऱ्याचा होता. त्याला आपल्या भूमीशी आणि आपल्या भक्तीशी जोडण्याची कृती तिची होती. धवळे मागितले गेले म्हणून ते ‘लेखन नव्हे’ असे म्हणण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही.

दुसरे उदाहरण केशिराजबासांच्या ‘दृष्टांतपाठा’चे. ११४ दृष्टांतांच्या या ग्रंथाची रचना त्रिपदरी आहे. आधी चक्रधरांचे सूत्र, नंतर त्यांनीच सांगितलेला दृष्टांत, आणि त्यानंतर केशिराजांचे दार्ष्टांतिक. सूत्र दिलेले आहे, गोष्ट दिलेली आहे, आणि ग्रंथकाराने थोडक्या गद्यात दोहोंचा सांधा उलगडायचा आहे. आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीचा दृष्टांत शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. पण तो ज्या शिस्तीतून आला, ती ‘दिलेल्यावर थोडक्यात लिहिण्याची’ शिस्त होती, हे सांगितले गेले नाही. मराठी गद्याच्या पायाशी असलेला एक महत्त्वाचा ग्रंथ प्रतिसादाचा ग्रंथ आहे.

तिसरे उदाहरण वऱ्हाडातील उर्दू मुशायऱ्यांचे. तरही मुशायऱ्यात एक मिसरा आधी जाहीर होतो. त्याचे वृत्त, काफिया आणि रदीफ सर्वांना बंधनकारक असतात आणि दिलेल्या मिसऱ्याला स्वतःची ओळ जोडून शेर पुरा करण्याला ‘गिरह लावणे’ म्हणतात. येथे एकच आव्हान सर्वांपुढे असल्याने श्रोत्यापाशी मोजमाप असते. कोणी सांकेतिक कल्पना उचलली, कोणी खरोखर नव्या जागी गाठ मारली, हे त्याला तत्काळ कळते. उर्दूच्या जाणकारीतून मराठी गझल घडवणारे सुरेश भट (१९३२–२००३) अमरावतीचे, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिताना त्यांनी प्रेरणेची वाट पाहा असे सांगितले नाही. वृत्त, यमक आणि अन्त्ययमक यांचे नियम सांगितले.

आणि चौथे उदाहरण ग्रंथरूप नसलेले. गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी, गुरे राखण्यात आणि शेतीकामात गेले. त्यांचे कीर्तन प्रश्नांवर चाले. बाबा विचारत, श्रोते उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. दिवसा हाती खराटा घेऊन जे गाव झाडले, तेच रात्रीच्या कीर्तनाचा विषय होई. घाण, कर्ज, नवसाचे बोकड, शाळेत न घातलेले पोर: विषय त्या त्या गावाने पुरवलेले असत. गावाने दिलेल्या विषयावर, गावाच्या बोलीत, गावाला सामील करून घेत केलेली ही रचना ‘आतून’ आलेली की ‘बाहेरून’, असे विचारणाऱ्याला प्रश्नच कळलेला नाही.

४

दुसरा आक्षेप आकाराचा आहे. शंभर शब्दांत जीवन मावत नाही, असे म्हटले जाते. आणि त्यासाठी भालचंद्र नेमाडे यांची साक्ष काढली जाते. कथेला गौण लेखणारी त्यांची भूमिका प्रसिद्ध आहे आणि लेखकाचा ‘लेखकराव’ कसा होतो याविषयीचा त्यांचा लेखही. परंतु त्या लेखातील रोख लेखनाला व्यवसाय आणि प्रतिष्ठा यांच्या चक्रात अडकवणाऱ्या, प्रस्थापित होऊ पाहणाऱ्या लेखकावर आहे. ज्याला अजून लेखक म्हणूनही कोणी ओळखत नाही, त्याच्या पहिल्या चार परिच्छेदांवर ते शस्त्र चालवणे म्हणजे नेम चुकवणे होय.

मागणी, मुदत आणि मर्यादा यांच्यामुळे लेखन भ्रष्ट होते असे मानायचे झाल्यास मराठी कथेचा अर्धा इतिहास रद्द करावा लागेल. ‘मनोरंजन’च्या १९०९ च्या पहिल्या दिवाळी अंकापासून मराठी लेखक संपादकांच्या पत्रांना उत्तर म्हणून लिहीत आला आहे. अमुक तारखेपर्यंत, अमुक पानांत, ही अट त्या पत्रांतून येत असे. त्या अटींखाली टुकार कथांबरोबर मराठीतील चांगल्या कथाही लिहिल्या गेल्या. फ्रेंच लेखक रेमों क्वेनो याने १९४७ च्या आपल्या पुस्तकात बसमधील एक क्षुल्लक प्रसंग ९९ रीतींनी सांगितला. प्रसंग क्षुल्लक असावा हेच त्याला हवे होते. कारण त्यामुळे शैली काय करते ते उघडे पडते. आकाराची अट जीवन कापत नाही, ती पसारा कापते. कापल्यावर हाती काही उरत नसेल, तर दोष अटीचा नव्हे.

यात एक विसंगती आणखी आहे. आठवड्याच्या विषयाला नाक मुरडणारा प्राध्यापकवर्ग वर्षातून दोनदा उत्तरपत्रिका तपासतो, आणि त्या सर्वस्वी दिलेल्या विषयांवरच्या असतात. ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ या निबंधांची तयार उत्तरे गाइडांतून पाठ करून लिहिणाऱ्याला गुण देताना अंतःप्रेरणा आठवत नाही. दिलेल्या विषयाची जी बदनामी झाली ती या गाइडांमुळे झाली आणि ती बदनामी करणाऱ्या व्यवस्थेचे मानधन आक्षेपकांनीच घेतलेले आहे.

५

येथवर आक्षेपकांची बाजू टिकत नाही, हे दिसले. पण म्हणून आठवड्याच्या उपक्रमांची आजची अवस्था समर्थनीय ठरत नाही. त्यांच्या समर्थकांनाही दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न विषयाच्या निवडीचा. दिले जाणारे विषय बहुधा पाऊस, आई, चहा, पहिले प्रेम, वाट, आरसा असे असतात. या विषयांना गाव नसते. ‘पाणी’ हा विषय मूर्तिजापुरात देऊन पाहावा. हा तालुका पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याला लागलेला. त्याचा काही भाग त्या पट्ट्यात मोडतो. तेथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते पिण्याजोगे नसते आणि पिकाला दिले तर जमीन बिघडते. पाण्यावर उभे राहून पाण्याला पारखे असलेले हे लोक आहेत. त्या पट्ट्यातल्या विद्यार्थ्याने ‘पाणी म्हणजे जीवन’ या वाक्याने आरंभ केला, की समजावे तो पाठ्यपुस्तकातले पाणी प्यायला आहे. तेच ‘विहिरीचे पाणी कोणाला पाजू नये?’ असे विचारले असते, तर कदाचित त्याच्या आजीचे एखादे वाक्य वर आले असते. कापूस वाहण्यासाठी टाकलेल्या अरुंद रुळांवरची शकुंतला मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जात असे; ती थांबल्यावर तिच्या वाटेवरच्या खेड्यांचे काय झाले, हा विषय आहे. डवरणीच्या दिवसांत कोणाच्या घरी कोण जेवते, हा विषय आहे. महदंबेने ऋद्धिपुरातून कौंडिण्यपूर गाठले. आजच्या विषयातून कोठेच जाता येत नाही, कारण तो कोठूनच निघालेला नसतो.

विषयाला गाव नसले की उत्तराला बोली राहत नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ला (१९६०) साठ वर्षे उलटून गेली. कौतिकचे बोलणे वऱ्हाडीत ऐकवूनही कादंबरी श्रेष्ठ ठरते, हे त्या पुस्तकाने दाखवले. तरीही ‘का’ ऐवजी ‘काऊन’ लिहिले की अशुद्ध म्हणून खाली रेघ ओढणारे परीक्षक वऱ्हाडातच आढळतात. बोली चालेल ती विनोदासाठी, गंभीर मजकुराला प्रमाणभाषा, ही वाटणी विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात शिकलेली असते. मग घरी ‘पऱ्हाटी’ म्हणणारा मुलगा कागदावर ‘पांढरे सोने’ लिहितो. आणि त्या पांढऱ्या सोन्यापायी बापाच्या डोक्यावर किती कर्ज आहे हे लिहायला त्याच्यापाशी शब्द उरत नाही.

६

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे आणि येथे राजशेखराकडे परत जायचे आहे. त्याने चौथा प्रहर राखून ठेवला तो परीक्षेसाठी. दुसऱ्या प्रहरात केलेली रचना कवीने चौथ्या प्रहरात एकट्याने किंवा मोजक्या जाणकारांसह तपासावी, असे तो सांगतो. कारणही देतो: रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याची विवेकदृष्टी जागी नसते. म्हणून अधिक झाले ते टाकावे, उणे असेल ते भरावे, चुकीच्या जागी पडले ते हलवावे, विसरले ते आठवून घालावे. संपादनाची इतकी नेमकी व्याख्या आजच्या कार्यशाळांच्या पुस्तिकांतही सापडणे कठीण.

हा चौथा प्रहर वेगवेगळ्या नावांनी टिकून होता. उर्दूत त्याला ‘इस्लाह’ म्हणतात. उस्तादाच्या हाताखालून गेल्याशिवाय शागिर्दाची गझल मुशायऱ्यात येत नसे. आधुनिक मराठीत तो ‘सत्यकथे’च्या कार्यालयात होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांच्या हस्तलिखितांवर जी पत्रे लिहीत, ती चौथ्या प्रहराचीच पत्रे होत. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली. तिच्या अभिरुचीविषयी आणि तिने कोणाला दाराबाहेर ठेवले याविषयी कितीही मतभेद असोत. परक्या माणसाचे लेखन ओळीओळीने वाचण्याची ती संस्था होती आणि तिच्या जागी तशी दुसरी उभी राहिली नाही.

आठवड्याच्या उपक्रमांत नेमका हाच प्रहर गळलेला आहे. सोमवारी विषय, रविवारी निकाल. आलेल्या प्रत्येक मजकुराला ‘अप्रतिम’, तिघांना क्रमांक, उरलेल्यांना सहभागाचे प्रमाणपत्र, आणि दुसऱ्या दिवशी नवा विषय. कोणी कोणाचे वाक्य कापत नाही. एकाच विषयावर लिहिणारे तीसजण एकमेकांचे लेखन शेजारी ठेवून वाचत नाहीत. त्यामुळे तीसही जणांनी तीच उपमा वापरली, हे कोणाला कळत नाही. तरही मुशायऱ्यात ही नामुष्की झाली असती. पहिला खर्डा हाच शेवटचा खर्डा, ही सवय वर्षात बावन्न वेळा पक्की केली जाते. समस्येची पूर्ती होते, परीक्षा होत नाही. आणि मम्मटाने ज्याला अभ्यास म्हटले त्याचे केवळ आवर्तन उरते.

उपाय खर्चिक नाही. महिन्यात चार विषय न देता एकच द्यावा. पहिल्या आठवड्यात लिहावे. दुसऱ्यात सर्वांचे लेखन मोठ्याने वाचावे. तिसऱ्यात प्रत्येकाने आपल्या मजकुरातील एक तृतीयांश काढून टाकून पुन्हा लिहावे. चौथ्यात दोन्ही खर्डे शेजारी ठेवून काय गेले आणि काय आले ते बोलावे. विषय त्या गावातून निघावा आणि तो ठरवण्याचा अधिकार आळीपाळीने लिहिणाऱ्यांपाशी असावा. क्रमांक आणि प्रमाणपत्रे बंद करावीत. यासाठी अनुदान लागत नाही, सभागृह लागत नाही. एक जाणता वाचक मात्र लागतो.

तो वाचक कोठे आहे, या प्रश्नाशी ही चर्चा थांबते, आणि तिचे उत्तर आक्षेपकांकडेच बोट दाखवते. चौथा प्रहर सांभाळण्याची पात्रता ज्यांच्यापाशी आहे, तो समीक्षकवर्गच या लेखनाला अस्पृश्य ठरवून दूर उभा आहे. वाङ्मयमंडळाच्या बैठकीला तो दीपप्रज्वलनापुरता येतो. मुलांचे कागद हाती घेऊन बसत नाही. ज्याने वाचायचे त्याने वाचले नाही, म्हणून लेखन कच्चे राहिले. आणि ते कच्चे राहिले, म्हणून ते वाचण्याजोगे नाही, असा हा फेरा आहे. तो लिहिणाऱ्याच्या बाजूने तुटणार नाही. तिने तर फळ्यावरचा विषय पाहिला, रात्री कामे आटोपून दीडशे शब्द लिहिले आणि सकाळच्या एस.टी.ने ते आणून दिले. तिच्याकडून अपेक्षित असलेले तीन प्रहर झालेले आहेत. कागद टेबलावर पडला आहे.